तुमचंच राहिलंय, काकू

१

चौकशीकाकू हे नाव आपल्याला कोणी आणि कधी ठेवलं, याची चौकशी मात्र काकूंनी कधी केली नव्हती. बाकी सगळ्याची केली होती. इमारतीत कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा गॅस संपलाय, कोणाच्या भांडणात पहिलं वाक्य कोणाचं होतं, हे त्यांना त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. शाळा सातवीत सुटली, पण प्रश्न विचारायची सवय सुटली नाही. आणि नुसतं विचारून त्या थांबत नसत. गॅस संपलेल्याच्या दारात स्वतःची शेगडी घेऊन उभ्या राहत. त्यामुळे लोक त्यांना तोंडावर हसत, पाठीमागेही हसत, पण राग कोणी धरत नसे.

इमारत जुनी, चार मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. काकू तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात शिंपीण, काकूंच्याच वयाची, एकटी राहणारी. दोघींच्या दुपारच्या चहाला किती वर्षं झाली हे दोघींनाही सांगता आलं नसतं. काका लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. महिन्यातले चार दिवस घरी, बाकी रस्त्यावर. मूलबाळ नाही. काका घरी असले की काकू दोन दिवस खूश असत, तिसऱ्या दिवशी त्यांच्या बॅगेकडे बघायला लागत आणि चौथ्या दिवशी उगाचच भांडत. पण आता तेही संपत आलं होतं. ही शेवटची खेप, परत आल्यावर गाडीची चावी मालकाच्या हातात, असं काकांनी कबूल केलं होतं.

इमारतीचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मागे एकदा जिन्याखालची सायकल चोरीला गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या वायरमनने खालच्या दाराला भलंमोठं कुलूप बसवलं. चावी त्याच्याकडे. पण कोण घरी आलंय, कोण यायचंय, हे त्याला कळायचं कसं? मग ठरलं की संध्याकाळी ज्याच्या घरची माणसं आली त्याने ग्रुपवर लिहायचं, 'सगळे आत'. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी जन्मभर पोरांच्या वह्यांतला फापटपसारा छाटला होता. ते म्हणाले, "स. आ. पुरे." तेव्हापासून सगळे 'स. आ.' लिहीत. सगळ्या घरांचं आलं की वायरमन कुलूप फिरवे, आणि त्याचा खट्ट असा आवाज पार वरपर्यंत पोहोचे. काकूही लिहीत. काका रस्त्यावर असले की 'सगळे' म्हणजे त्या एकट्याच. तरी त्या लिहीत, आणि लिहिताना दर वेळी जरा थांबत.

एका संध्याकाळी त्या चष्मा लावून मेसेज बघत होत्या. वायरमनच्या नावापुढे 'स. आ.' नव्हतं. 'न. आ.' होतं.

बोट घसरलं असेल, असं काकूंना वाटलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांचंही बोट घसरलं. मग वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेचं. आठवडाभरात दोनच दारं जुनं लिहिणारी उरली, काकू आणि शिंपीण.

२

ग्रुपवर सरळ विचारायची काकूंना लाज वाटली. जिथे सगळे समजून बसलेत तिथे आपणच कशाला अडाणी ठरायचं? पण जिन्यात विचारायला कसली लाज!

वायरमन दारात बसून जुना पंखा उघडत होता.

"काय रे बाबा, ते तू लिहितोस ते 'न. आ.' म्हणजे काय?"

"नळ आला, काकू."

"नळ सकाळी येतो. तू लिहितोस संध्याकाळी."

वायरमनने पंख्याचं पातं हातात फिरवलं. "मग... नळ आला होता."

मास्तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "नमस्कार आणि आभार. सभ्यपणाची रीत आहे, वहिनी. आल्यावर माणसाने दुसऱ्याची दखल घ्यावी."

"तुम्ही काढलीत का ही रीत?"

"छे. रूढच आहे ती." आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. उलटं धरलं होतं की काय, असा काकूंना संशय आला, पण नव्हतं.

नवी सून तर हसतच सुटली. "काकू, मला वाटलं 'नंतर आवरते'. म्हणजे घरी आले, पण कामं नंतर. आमच्या ह्यांना वाटतं 'नक्की आलो'. आम्ही दोघांनी पैज लावलीय."

"मग पैज कोण जिंकलं?"

"कोणाला विचारणार? सगळे लिहितात, म्हणून आम्हीपण."

काकूंना मनातून फार बरं वाटलं. म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं! मास्तरांसकट सगळे एकमेकांचं बघून लिहीत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला माहीत असेल असं धरून चालला होता. त्या दिवशी दुपारी चहाला त्यांनी हे सगळं नकला करून शिंपिणीला सांगितलं. नळावर तर शिंपीण इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला.

"आता उरलो आपण दोघी," ती डोळे पुसत म्हणाली. "दोघी अडाणी."

"अडाणी कशाला? आपण तरी खरं ते लिहितो."

"खरं काय गं त्यात," शिंपीण म्हणाली. अजून हसतच होती. "सगळे आत. माझ्या घरात सगळे म्हणजे कोण? मी आणि मशीन."

संध्याकाळी तिच्या नावापुढे आलं, 'न. आ.' काकू एकट्याच बसल्या बसल्या हसल्या. गंमत केली बाईने.

दुसऱ्या दिवशी शिंपीण चहाला आली नाही.

३

आता हे कोणी सुरू केलं, ते शोधून काढायचंच, असं काकूंनी मनावर घेतलं. फोन वर सरकवत सरकवत त्या मागे गेल्या. पहिलं 'न. आ.' वायरमनचंच होतं. त्या जिना उतरून गेल्या.

"अहो, मी कुठला पहिला!" वायरमन म्हणाला. "मी मास्तरांचं बघून लिहिलं. हे बघा." त्याने फोन दाखवला. खरंच, त्याच्या फोनवर आधी मास्तरांचं होतं आणि खाली त्याचं.

काकू मास्तरांकडे गेल्या. मास्तरांच्या फोनवर सगळ्यात आधी नव्या सुनेचं होतं. "म्हणूनच मी निर्धास्त लिहिलं," मास्तर म्हणाले, "म्हटलं तरुण पिढीला माहीत असणार."

चौथ्या मजल्यावर चढताना काकूंना धाप लागली. नवी सून म्हणाली, "मी? काकू, मी वायरमनदादांचं बघून लिहिलं." आणि तिच्या फोनवर तसंच होतं.

काकूंनी तिच्या दारातच बोटांवर मोजून पाहिलं. वायरमनने मास्तरांचं बघून, मास्तरांनी सुनेचं बघून, सुनेने वायरमनचं बघून. म्हणजे पहिला कोणीच नव्हता.

संध्याकाळी काकांचा फोन आला तेव्हा त्यांनी हे सांगितलं. मागे इंजिन घरघरत होतं.

"अगं, नेटवर्क गं ते," काका म्हणाले. "माझ्याकडे सकाळचे मेसेज रात्री येतात, रात्रीचे सकाळी. इथे डोंगरात तर कधी कधी उत्तर आधी येतं आणि प्रश्न नंतर."

काकूंना ते पटलं. न पटायला काय झालं? यंत्रातलं आपल्याला काय कळतंय? एक गोष्ट मात्र त्यांनी काकांना सांगितली नाही, कारण ती फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आली. कामाचा दिवस होता, भरदुपार होती, आणि एरवी कामावर जाणारी वायरमन आणि नवी सून, ही दोन्ही माणसं घरी होती.

४

दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशीही.

"कामावर नाही गेलास आज?" काकूंनी वायरमनला विचारलं. त्याची बायको माहेरी गेली होती, घरात तो एकटाच होता.

"निघालो होतो. पण घरात कोणी असलं की पाय निघत नाही हो."

"कोण आहे?"

वायरमनने वर पाहिलं. काकूंच्या डोळ्यांत नाही, त्यांच्या खांद्याच्या जरा पलीकडे. "मीच की, काकू," तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

मास्तरांचं सकाळचं फिरणं बंद झालं होतं. गुडघे दुखतात, म्हणाले. काकू तेलाची बाटली घेऊन गेल्या. मास्तर पलंगाच्या कडेवर बसले होते, त्यांची बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. खिडकीजवळची मास्तरांची आरामखुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर मास्तरांनी जावयालाही कधी बसू दिलं नव्हतं. जिना उतरून काकूंचे पाय भरून आलेले, त्या सहज तिकडे वळल्या.

"तिथे नको, वहिनी," मास्तर म्हणाले.

रागावून नाही. खुर्ची ओली आहे, रंग दिलाय, असं सांगावं तसं. काकूंचा हात तोवर खुर्चीच्या दांड्यावर पडला होता. खिडकी बंद होती, ऊन त्या बाजूला येत नव्हतं. दांडा कोमट होता. आपण हात टेकून बसलो आणि उठलो की राहतो, तेवढा.

मास्तर आताच उठले असतील, काकूंनी स्वतःला समजावलं. वयस्कर माणूस, बसतो, उठतो. त्यांनी तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि गुडघ्यांचा विषय काढला. मास्तर नीट उत्तरं देत होते. फक्त मधूनमधून बोलताना थांबत, शेजारच्याला बोलायची संधी द्यावी तसे, आणि मग पुढे बोलत.

काकू एक मजला चढून घरी गेल्या आणि पाणी प्यायल्या. इमारतीत आवाज कमी झाले होते, हे त्यांना तेव्हा जाणवलं. भांडण नाही, टीव्ही नाही, वरच्या मजल्यावरचं हसणं नाही. शांतता होती, पण सुट्टीच्या दुपारची नव्हे. घरात कोणी झोपलेलं असलं की बाकीचे जसे वावरतात, तशी.

आणि संध्याकाळी त्यांनी 'स. आ.' लिहिलं की लगेच खाली वायरमनचा मेसेज येई, 'तुमचंच राहिलंय, काकू.' पुढे जोडलेले हात. काकू पुन्हा 'स. आ.' लिहीत. तो पुन्हा लिही, 'तुमचंच राहिलंय.' कुलूप फिरल्याचा आवाज काही येत नसे. खालचं दार उघडंच राही.

५

एक आवाज मात्र चालू होता. शिंपिणीचं मशीन.

जिन्यापलीकडून तो आवाज ऐकत काकूंची निम्मी दुपार सरत असे, आणि त्याची चाल त्यांना पाठ होती. शिवण संपेपर्यंत धाव, मग थांबणं, कात्रीचा एक कच्च आवाज, की पुन्हा धाव. आता मधलं थांबणंच नव्हतं. शिवण संपतच नव्हती. पडद्यांची मोठी ऑर्डर असेल, असं काकूंनी दोन दिवस मानलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघींचा चहा केला, दोन्ही कप ताटलीत ठेवले आणि समोरचं दार वाजवलं.

मशीन चालूच राहिलं आणि दार उघडलं.

दारात शिंपीण उभी होती. गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे. चेहरा उतरलेला नव्हता, उलट टवटवीत होता.

"अगं, येत नाहीस ती? मी म्हटलं आजारी पडलीस की काय. आणि मशीन चालू ठेवून आलीस का, बंद कर ते, ऐकू येईना काही," काकू एका दमात म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

शिंपिणीचं मशीन पायाचं होतं.

"हो, चालेल जरा वेळ," शिंपीण म्हणाली. मागे वळून पाहिलंही नाही तिने.

चाकाला गती असते. कालच तेल घातलं असेल. पाय काढला तरी चाक फिरत राहतं. काकूंनी हे सगळं भराभर मनात म्हणून घेतलं, आणि ते म्हणून होईपर्यंत मशीन तसंच एका लयीत चालत होतं. मग ते थांबलं. आणि कात्रीचा आवाज आला. कच्च.

"ये ना आत," शिंपीण म्हणाली. "चहा निवतोय."

काकू आत गेल्या. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, आणि ही बाई त्यांची होती. काही झालं असेल तर हिला तिथे तशी सोडून कसं यायचं?

खोली नेहमीसारखीच होती. कापायचं टेबल, इस्त्री, उभा आरसा, कोपऱ्यात गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला लावलेला फुलाफुलांचा पडदा. मशीनपाशी कोणी नव्हतं. टेबलाच्या वर खुंटीला एक नवा सदरा लटकत होता, साध्या पांढऱ्या कापडाचा, गळा-छाती लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला होईल एवढी. पण बाह्या खुंटीवरून निघून टेबलावर येत होत्या, टेबलावरून घसरून खाली, आणि तिथे जमिनीवर पडल्या होत्या.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं. "बाह्या केवढ्या ह्या?"

"तेवढ्याच लागतात."

"कोणाला?"

शिंपीण हसली. तिचा एक नेम होता आणि काकूंना तो चांगला ठाऊक होता. अंगावर माप घेतल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. जुना कपडा मापाला पाठवणाऱ्या भल्याभल्या गिऱ्हाइकांना तिने परत पाठवलं होतं. कपडा खोटं बोलतो, अंग बोलत नाही, म्हणायची.

"माप घेतलंस तू?"

"रोज घेते," शिंपीण म्हणाली. तिने एक बाही उचलून शिवण उलगडून दाखवली, आत दुमडलेलं जास्तीचं कापड. "वाढतं अंग आहे. म्हणून माया जरा जास्त ठेवलीय."

आणि तिने कोपऱ्यातल्या पडद्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहावं तसं.

पडदा जमिनीपासून वीतभर उंच होता. आत कोणी असलं की पावलं दिसत. काकूंनी आधी खाली पाहिलं. पावलं नव्हती. जमीन रिकामी होती, सुतळीचं एक टोक तेवढं पडलं होतं. काकूंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर सहज वर गेली. पार वर, दांडीच्या जवळ, जिथे उंच माणसाचंही डोकं पोहोचत नाही, तिथे पडद्याची एक चुणी आतून मुठीत धरली होती. काकू बघत असतानाच मूठ सैल झाली, आणि फुलं पुन्हा सपाट झाली.

"घेतेस ना चहा?" शिंपीण म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. आवाज आपलाच आहे याचं त्यांना नवल वाटलं. "उद्या ते यायचेत. घर आवरायचंय."

"काका येतात? कायमचे?" शिंपिणीने मनापासून त्यांचा हात धरला. हात उबदार होता, जुनाच. "फार बरं झालं बघ. एकटीने किती दिवस काढायचे. मला विचार. आता मला संध्याकाळ खायला उठत नाही. काकांना सांग आल्या आल्या लिहून टाकायला. तुझंच राहिलंय गं एक. किती दिवस बसायचं कोणी जिन्यात?"

६

काकूंनी घर आवरलं नाही. त्या पलंगावर फोन हातात घेऊन बसल्या.

बहिणीकडे निघून जावं का? जावं, आणि काकांना तिकडेच बोलवावं. पण काय सांगायचं? पडद्याची चुणी, कोमट खुर्ची? काका हसतील. वीस-बावीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस घरी परत येतोय आणि बायको म्हणणार घरी येऊ नका. दुसरं काही न सुचून त्यांनी काकांना मेसेज लिहिला, 'ग्रुपवर काही लिहू नका. फोन करा.' एकच टिक उमटली. फोन लावला, लागला नाही. डोंगर असेल.

उजेड कमी होत गेला. ग्रुपवर एकेक 'न. आ.' येऊ लागलं. वायरमन, मास्तर, नवी सून, शिंपीण, बाकीचे. काकूंनी आज काहीच लिहिलं नाही. फोन उलटा करून उशीखाली ठेवला.

बाहेर जिन्यात कापड सरकल्याचा आवाज आला. बसून बसून अवघडल्यावर माणूस बैठक बदलतो, तसा. दाराच्या अगदी जवळ, पण खाली नाही. जरा वरच्या अंगाला.

काकूंच्या दाराला बाहेर बघायचं भोक होतं. ते त्यांनी स्वतः हट्टाने बसवून घेतलं होतं, आणि त्याला डोळा लावल्याशिवाय जिन्यातून मांजरही गेलं नव्हतं. आज त्या दाराकडे पाठ करून बसून राहिल्या. बघितलं तर कळेल, आणि कळलं तर ते आपल्याकडे राहील, असं काहीतरी त्यांना वाटत होतं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना एक गोष्ट कळायला नको होती.

उशीखाली फोन वाजला. काका असतील म्हणून त्यांनी घाईने काढला. काकाच होते, पण मेसेज ग्रुपवर होता.

'न. आ. 🙏 वायरमनदादा, लावा आता कुलूप. उद्या दुपारी घरी.'

बाहेरचं कापड उठलं. घाई नव्हती त्याला. एकेक पायरी घासत ते खाली गेलं, दुसरा मजला, पहिला मजला, आणि खालच्या दारापाशी गेल्यावर आवाज बाहेरच्या रस्त्याच्या आवाजात मिसळला. मग कितीतरी दिवसांनी खट्ट झालं. वायरमनने कुलूप फिरवलं होतं.

थोड्या वेळाने काकांचं उत्तर आलं. 'अगं, आत्ता बघितला तुझा. चुकलं का काही? सगळे लिहितात म्हणून लिहिलं. मला वाटलं, नमस्कार, आलोच.'

७

सकाळी फोन लागला. गाडी मालकाकडे सोपवून काका दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या टेम्पोत बसणार होते, पण तो आला नाही, म्हणून बस धरली, असं ते सांगत होते. आवाज इतका मोकळा होता की काकूंचं निम्मं अवसान त्यातच गळालं.

"कुठे आहात?"

"येतोच. रस्ता कसा सरला कळलं नाही आज. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कंटाळा आला नाही. गप्पा मारत मारत आलो."

"कोणाशी?"

"हं?" काका म्हणाले. मागे बसचा हॉर्न वाजला. "असंच गं. तू चहाचं बघ."

काकूंनी चहाचं बघितलं नाही. त्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. मनाशी ठरवलं, दार उघडायचं नाही. आतूनच सांगायचं, आपण दोघं बहिणीकडे जाऊ, तुम्ही खाली थांबा, मी येते. वाक्य दोनदा म्हणून बघितलं. नीट जमलं.

दुपारी खालचं दार वाजलं. वायरमनने "या या काका" म्हटलं. मग काकांची पावलं. त्या पावलांची काकूंना इतकी ओळख होती की बॅग कोणत्या हातात आहे तेही सांगितलं असतं. जड, एका सुरातली. पण आज ती मध्येच थांबत होती. थोडी चढत, थांबत, पुन्हा चढत. दम लागून थांबतात तशी नाही. मागचा हळू चालतोय, त्याच्यासाठी थांबतात तशी.

"सावकाश," जिन्यातून काकांचा आवाज आला, लाडिक, काकूंनी कधीच न ऐकलेला. "आला आपला मजला."

दार वाजलं.

"उघड गं. मी आहे."

काकू उठून उभ्या राहिल्या. तोंडात वाक्य तयार होतं. समोरच्या घरात मशीन बंद होतं, वरही काही वाजत नव्हतं. सगळी इमारत कान लावून बसली असावी, इतकं शांत.

काका पुन्हा दार वाजवणार नाहीत, हे काकूंना माहीत होतं. तो त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा मागून मिळालं नाही की ते निमूट मागे फिरत. दार नाही उघडलं तर ते बॅग घेऊन जिन्यात बसतील. अंधार पडेपर्यंत बसतील. मग उठतील, मालकाकडे जातील आणि चावी परत मागतील. आणि एकटे जाणार नाहीत.

काकूंनी कडी काढली.

काका वाळले होते. दाढीचे खुंट पांढरे झाले होते. डोळे मात्र लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्यासारखे. एका हातात बॅग होती. दुसरा हात मागच्या बाजूला जरासा वर धरलेला, आणि त्याची बोटं मिटलेली.

"संपलं बघ," ते म्हणाले. "आता कुठे म्हणून जायचं नाही."

हे वाक्य ऐकायला काकू वीस-बावीस वर्षं थांबल्या होत्या. जिभेवर एक प्रश्न आला होता, अगदी साधा, इतर कोणालाही त्यांनी दारातच विचारला असता. तो त्यांनी गिळला. काकांच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता त्या म्हणाल्या, "या. किती वाळलात."

आणि त्या बाजूला सरल्या. काका आत आले, बॅग ठेवली, चपला काढल्या. काकू मात्र भिंतीला टेकून तशाच उभ्या राहिल्या, दार हाताने धरून. मागून कोणी येत असलं की आपण थांबतो, तेवढा वेळ.

मग त्यांनी दार लावलं.